हाताखाली पहिला शिकाऊ आला की: देखरेख नव्याने करणाऱ्यांसाठी

स्वतःचं काम चोख करणाऱ्या माणसाला एक दिवस सांगितलं जातं, "उद्यापासून हे दोघं तुमच्या हाताखाली." काम कसं करायचं ते त्याला पक्कं ठाऊक असतं. दुसऱ्याला ते कसं शिकवायचं, कधी करू द्यायचं आणि कधी थांबवायचं, हे मात्र त्याला कुणी सांगितलेलं नसतं. मग आपल्याला जसं वागवलं गेलं तसंच तो पुढच्याला वागवतो. हा लेख अशा माणसासाठी आहे. तुम्ही रुग्णालयात असा, कारखान्यात, शाळेत, हिशेबाच्या टेबलावर किंवा समुपदेशन केंद्रात, मूळ प्रश्न फारसा बदलत नाही.

नवे पर्यवेक्षक दोन टोकांना जातात. एक तर शिकाऊच्या डोक्यावर बसतात, नाहीतर त्याला वाऱ्यावर सोडतात. पुष्कळदा एकच माणूस दोन्ही करतो. पहिले काही आठवडे कामाच्या गर्दीत शिकाऊकडे बघायलाही फुरसत नसते, आणि पहिली मोठी चूक झाली की त्याचा प्रत्येक कागद स्वतः तपासायला घेतला जातो. आपल्याला नक्की किती मोकळीक आहे, हे शिकाऊला शेवटपर्यंत कळत नाही.

देखरेखीचं सगळं कौशल्य मला एका निर्णयात दिसतं: या माणसाच्या, या कामात, आज मी किती जवळ उभं राहायचं? बैठका, अभिप्राय, नोंदी, मूल्यमापन हे सगळं तो निर्णय नीट घेता यावा आणि वेळेवर बदलता यावा यासाठी असतं.

हा निर्णय चुकला तर काय होतं, याचं एक उदाहरण वैद्यकीय शिक्षणात अजून सांगितलं जातं. १९८४ मध्ये न्यूयॉर्कच्या एका रुग्णालयात १८ वर्षांची एक तरुणी दाखल झाली आणि काही तासांतच दगावली. रात्री तिच्यावर उपचार करणारे शिकाऊ डॉक्टर होते, वरिष्ठांशी बोलणं झालं ते फोनवर. पुढे बर्ट्रांड बेल यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली आणि १९८९ पासून त्या राज्यात निवासी डॉक्टरांच्या कामाला आठवड्याला ८० तासांची मर्यादा आली. चर्चा झाली ती प्रामुख्याने तासांची. बेल स्वतः मात्र नंतरही सांगत राहिले की खरा मुद्दा देखरेखीचा आहे, अनुभवी डॉक्टर जागेवर हजर असण्याचा आहे. शिकाऊ थकलेला असो वा ताजातवाना, आपल्याला काय कळत नाही हे त्याला एकट्याला कळणं अवघडच.

पायरी १: पहिल्याच भेटीत करार करा

पहिल्या दिवशी ओळखपाळख, जागा दाखवणं, पासवर्ड देणं हे होतंच. त्याखेरीज अर्धा-पाऊण तास वेगळा काढा आणि दार लावून बसा. काही गोष्टी आधी बोलून घेतल्या नाहीत तर नंतर त्यांवरूनच मनं दुखावतात.

अमेरिकेतले समाजकार्याचे अभ्यासक आल्फ्रेड कादुशिन यांनी १९७६ मध्ये पर्यवेक्षकाची तीन कामं मांडली: प्रशासकीय, शैक्षणिक आणि आधार देण्याचं. काम नियमाने होतंय का हे बघणं, माणूस शिकतोय का हे बघणं, आणि तो टिकून राहतोय का हे बघणं. ही तिन्ही कामं तुमची आहेत हे शिकाऊला स्पष्ट सांगा. वेळ कमी पडला की पहिलं काम बाकीच्या दोघांना गिळतं. भेटीत फक्त "काय राहिलंय, कधी होणार" एवढंच उरतं. म्हणून तिन्ही नावं पहिल्याच दिवशी उच्चारलेली बरी. पुढे कधी शिकाऊला म्हणता येतं, "आज मला शिकण्याबद्दल बोलायचं होतं, आपण नुसताच कामाचा आढावा घेतोय."

याच भेटीत एक यादी त्याच्या हातात द्या: कोणत्या प्रसंगी मला विचारल्याशिवाय पुढे जायचं नाही. ती छोटी आणि नेमकी हवी. "गरज वाटली तर विचारा" असं सांगणं म्हणजे काहीच न सांगणं, कारण गरज आहे की नाही हे ओळखायलाच तर तो शिकायला आलाय. त्याऐवजी लिहा: रुग्णाचा रक्तदाब अमुक मर्यादेखाली गेला तर, ग्राहकाने वकिलाचं नाव काढलं तर, चालू यंत्राचं आवरण उघडावं लागणार असेल तर, समोरच्याने स्वतःला इजा करण्याबद्दल काही बोललं तर. अशा वेळी मी बैठकीत असो, जेवत असो किंवा झोपलेला असो, फोन करायचाच. आणि मी सापडलो नाही तर कुणाला करायचा, तेही लिहा. हे दुसरं नाव बहुतेक ठिकाणी राहून जातं.

शेवटचा मुद्दा नाजूक आहे. तुम्ही त्याचं मूल्यमापनही करणार असाल तर ते लपवू नका. इथे बोललेलं काय तुमच्या-माझ्यात राहील आणि काय वर जाईल, हे आधीच सांगा. "सगळं आपल्यातच राहील" असं वचन देऊ नका. रुग्णाच्या, विद्यार्थ्याच्या किंवा सहकाऱ्याच्या सुरक्षिततेचा प्रश्न आला तर ते तुम्हाला पाळता येणार नाही.

पायरी २: विश्वास माणसावर नको, एकेका कामावर ठेवा

"मुलगा हुशार आहे, जमेल त्याला" हे वाक्य धोक्याचं आहे. हुशार माणसाला सगळंच जमेल असं आपण धरून चालतो आणि त्याला कधीच न दाखवलेलं कामही त्याच्यावर टाकून मोकळे होतो.

नेदरलँड्समधले वैद्यकीय शिक्षणाचे अभ्यासक ओले टेन काते यांनी २००५ पासून एक कल्पना रुजवली. व्यवसायाचे छोटे-छोटे, सोपवता येतील असे तुकडे करायचे, आणि शिकाऊ प्रत्येक तुकड्यात कोणत्या पायरीवर आहे हे ठरवायचं. पायऱ्या पाच आहेत. पहिलीवर तो फक्त बघतो. दुसरीवर तो करतो आणि तुम्ही शेजारी उभे असता. तिसरीवर तो एकटा करतो, पण हाक मारली तर तुम्ही लगेच येऊ शकता, आणि नंतर तपासता. चौथीवर तो स्वतंत्रपणे करतो. पाचवीवर तो दुसऱ्याला शिकवतो. डॉक्टरांसाठी बनवलेली ही शिडी कुठल्याही कामाला लागू पडते, असा माझा ठाम विश्वास आहे.

एक कागद घ्या. तुमच्या कामाचे दहा-बारा तुकडे डावीकडे लिहा. प्रत्येकापुढे शिकाऊची आजची पायरी लिहा. मग तो कागद त्याला दाखवा. पर्यवेक्षक मनातल्या मनात अंदाज बांधतात आणि शिकाऊ त्यांच्या चेहऱ्यावरून तो ओळखायचा प्रयत्न करत राहतो, यात दोघांचीही शक्ती वाया जाते. "वर्गात धडा शिकवण्यात तुम्ही तिसऱ्या पायरीवर आहात, पालकांशी तक्रारीबद्दल बोलण्यात पहिल्या" असं ऐकल्यावर कुणाला राग येत नाही. उलट पुढची पायरी कुठली आणि तिथे जायला काय करून दाखवावं लागेल, हे विचारता येतं.

पायरी वाढवायची कशावरून? कौशल्य बघालच. पण तेवढ्यावर थांबू नका. तारा केनेडी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००८ मध्ये वैद्यकीय वरिष्ठांचा अभ्यास केला. शिकाऊवर काम सोपवताना हे वरिष्ठ चार गोष्टी बघत होते: ज्ञान आणि कौशल्य, आपली मर्यादा ओळखणं, खरं सांगणं, आणि काम मनापासून, नेटाने पूर्ण करणं. या चौघांत माझं सगळ्यात जास्त लक्ष दुसऱ्या आणि तिसऱ्या गोष्टीकडे असतं. हात थोडा कच्चा असलेला, पण "हे मी तपासलं नाही" असं सरळ सांगणारा शिकाऊ तिसऱ्या पायरीवर नेता येतो. हात पक्का असलेला, पण न तपासलेलं तपासलं म्हणून सांगणारा शिकाऊ दुसरीवरच ठेवावा लागतो. ते त्याला तोंडावर सांगावंही लागतं.

पायरी ३: काम शिकवायची रीत

या बाबतीत कारखान्यांनी बाकीच्यांपेक्षा आधी विचार केलाय. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात अमेरिकेत लाखो अननुभवी माणसं कारखान्यांत आली. त्यांना लवकर तयार करण्यासाठी १९४० मध्ये 'ट्रेनिंग विदिन इंडस्ट्री' हा कार्यक्रम सुरू झाला आणि १९४५ पर्यंत चालला. युद्धानंतर जपानने तो उचलला. टोयोटात तो १९५० च्या दशकाच्या सुरुवातीला आला. त्यातली शिकवण्याची पद्धत चार टप्प्यांची आहे: माणसाला तयार करा, काम दाखवा, त्याच्याकडून करून घ्या, मग मागोवा घेत राहा.

वाचायला हे अगदी साधं वाटतं. मर्म आहे ते तपशिलात. दाखवण्याआधी कामाचे टप्पे कागदावर उतरवायचे आणि प्रत्येक टप्प्यातली कळीची गोष्ट शोधायची. कळीची म्हणजे जिच्यावर काम साधणं किंवा बिघडणं अवलंबून आहे, जिच्यामुळे इजा होऊ शकते, किंवा जिच्यामुळे काम सोपं होतं अशी. आणि प्रत्येक कळीच्या गोष्टीमागचं कारण सांगायचं. मुरलेल्या माणसाला नेमक्या याच गोष्टी सांगायच्या सुचत नाहीत, कारण त्याचा हात त्या न सांगता करतो. म्हणून शिकवायच्या आदल्या दिवशी ते काम एकदा सावकाश करा आणि प्रत्येक ठिकाणी थांबून स्वतःला विचारा, "मी इथे नेमकं काय बघितलं?"

तिसऱ्या टप्प्यात शिकाऊने काम फक्त करून दाखवणं पुरेसं नाही. दुसऱ्यांदा करताना त्याने कळीच्या गोष्टी आणि त्यांची कारणं स्वतःच्या तोंडाने सांगायची. "समजलं का?" या प्रश्नाला मान हलतेच, त्यावर विसंबू नका. या पद्धतीत आणखी एक तत्त्व आहे, ते मला फार मोलाचं वाटतं: माणूस शिकला नसेल तर शिकवणाऱ्याने शिकवलेलं नाही. दोष शिकाऊच्या माथी मारायच्या आधी आपण कुठला टप्पा गाळला ते बघायचं.

पायरी ४: स्वतःच्या डोळ्यांनी बघा

बहुतेक पर्यवेक्षक शिकाऊचं काम बघत नाहीत, कामाबद्दल ऐकतात. शिकाऊ सांगतो, "बोलणं छान झालं, ग्राहक खूश होता," आणि वर अभिप्राय मिळतो तो त्या सांगण्यावर. सांगणारा खोटं बोलत नसतो. पण ज्या गोष्टी त्याच्या लक्षातच आल्या नाहीत, त्या तो सांगणार कशा? मानसोपचारात कार्ल रॉजर्स यांनी १९४० च्या सुमारासच मुलाखती ध्वनिमुद्रित करून त्यांवर शिकवायला सुरुवात केली होती, ती याच अडचणीतून. शिकाऊच्या आठवणीतली मुलाखत आणि प्रत्यक्षात झालेली मुलाखत यांत अंतर असतं.

यासाठी दिवसभर मागे फिरायची गरज नाही. अमेरिकेत जॉन नॉर्सिनी आणि सहकाऱ्यांनी १९९५ मध्ये निवासी डॉक्टरांसाठी एक छोटी पद्धत मांडली. वरिष्ठाने रुग्णतपासणीचा साधारण १५ ते २० मिनिटांचा भाग बघायचा, लगेच काही मिनिटं बोलायचं, आणि असं वर्षभरात पुनःपुन्हा, वेगवेगळ्या लोकांनी करायचं. एका दीर्घ परीक्षेपेक्षा अशा अनेक छोट्या नजरांतून माणसाचं खरं चित्र उमटतं.

बघायला जाताना आधी सांगून जा आणि एकच गोष्ट बघणार असल्याचं सांगा. "आज मी फक्त तुम्ही प्रश्न कसे विचारता ते ऐकणार आहे." बघताना मध्ये तोंड घालू नका. एकच अपवाद, कुणाला इजा होण्याची शक्यता असेल तर. तेव्हाही समोरच्या रुग्णाच्या किंवा ग्राहकाच्या देखत शिकाऊला खाली पाहायला लागेल असं बोलायचं नाही. "मी जरा मदत करतो" एवढं म्हणून हात घालावा, आणि बाकीचं नंतर बोलावं.

स्क्रीनवरून काम करणाऱ्यांचं अवघड असतं, कारण तिथे सहज नजर जात नाही. तिथे अर्धवट काम मागा. पूर्ण झालेला अहवाल बघून तो कसा बनला हे कळत नाही. कच्चा मसुदा, खोडलेली वाक्यं, फसलेला कोड यांत विचार दिसतो.

पायरी ५: अभिप्राय द्या, पण सांभाळून

अभिप्राय दिला की सुधारणा होतेच, असं सगळे गृहीत धरतात. अवराहम क्लुगर आणि अँजेलो डेनिसी यांनी १९९६ मध्ये आधीच्या अनेक प्रयोगांतले ६०७ परिणाम एकत्र करून तपासले. सरासरी फायदा झालेला दिसला, पण एक तृतीयांशाहून अधिक वेळा अभिप्रायानंतर कामगिरी खालावली होती. त्यांचं स्पष्टीकरण असं की अभिप्रायाने माणसाचं लक्ष कामावरून उठून स्वतःकडे वळलं, "मी कसा आहे" या प्रश्नाकडे गेलं, की त्याचा उपयोग घटतो.

हे एकदा लक्षात घेतलं की कसं बोलायचं ते आपोआप ठरत जातं. "तुम्ही निष्काळजी आहात" या वाक्यावर शिकाऊ एक तर वाद घालेल नाहीतर गप्प बसेल. काम सुधारायला त्यात काहीच नाही. त्याऐवजी: "काल रात्रीच्या नोंदीत दुसऱ्या डोसची वेळ लिहिलेली नव्हती. सकाळच्या नर्सला ती कळेना, म्हणून पुढचा डोस तासभर थांबवावा लागला." प्रसंग कोणता, तुम्ही काय केलंत, त्याचा परिणाम काय झाला. एवढं सांगून थांबा आणि विचारा, "असं कशामुळे झालं असेल?" उत्तर येईपर्यंत खरोखर गप्प राहा. पुष्कळदा कळतं की तो फॉर्मच असा आहे की वेळेचा रकाना पुढच्या पानावर जातो.

कौतुकालाही हाच नियम लावा. "मस्त!" ऐकून बरं वाटतं, शिकायला काही मिळत नाही. "पालक चिडल्यावर तुम्ही आवाज खाली आणलात आणि आधी त्यांचं पूर्ण ऐकून घेतलंत, तिथून बोलणं वळलं" हे ऐकलेला शिक्षक पुढच्या वेळी तेच मुद्दाम करू शकतो. टीकेच्या आधी आणि नंतर गोड बोलायची जी रीत आहे, ती मी सुचवणार नाही. काही दिवसांत कौतुक सुरू झालं की शिकाऊ "आता पण कधी येणार" याची वाट बघू लागतो, आणि खऱ्या कौतुकाचीही किंमत जाते.

एका वेळी एकच, फार तर दोन गोष्टी सांगा. आणि पुढच्या वेळी तीच गोष्ट मुद्दाम बघा. "मी सांगून ठेवलंय" म्हणजे काम झालं असं नाही.

घाईच्या वेळी काय करायचं

रोजची देखरेख दारात उभं राहून, दोन कामांच्या मध्ये होते. शिकाऊ प्रश्न घेऊन येतो, तुम्हाला उत्तर माहीत असतं, तुम्ही देता, तो जातो. काम निघतं, पण उद्या तोच प्रश्न घेऊन तो परत येतो. १९९२ मध्ये अमेरिकेतल्या काही कुटुंबवैद्यक शिक्षकांनी अशा वेळेसाठी पाच छोट्या चालींची रीत मांडली. ती हिशेबाच्या टेबलावर कशी दिसेल, बघा.

"मॅडम, बँकेचा ताळमेळ लागत नाहीये."

"तुम्हाला काय वाटतं, कुठे चुकलं असेल?"

"एखादी रक्कम नोंदवताना आकडे उलटसुलट झाले असावेत."

"कशावरून?"

"फरक ५४० चा आहे. एवढ्या रकमेचा एकही व्यवहार यादीत नाही, म्हणजे एखादी नोंद राहिलेली नसावी."

"बरोबर, आधी तीच शक्यता तुम्ही बाजूला केलीत, हे चांगलं केलंत. आता एक खूण लक्षात ठेवा. शेजारचे दोन आकडे उलटे झाले तर फरकाला नेहमी नऊने भाग जातो. ५४० ला जातो, म्हणजे तुमचा अंदाज धरून शोधायला हरकत नाही. आणि फरकाची निम्मी रक्कम यादीत सापडली, तर नावेची नोंद जमेला गेली आहे का ते बघा. ते तुम्ही अजून पाहिलं नाहीत, तेवढं बघा आणि मग मला सांगा."

आधी त्याला स्वतःचं मत मांडायला लावलं, मग त्यामागचं कारण विचारलं, बरोबर काय केलं ते नेमकं सांगितलं, पुढे वापरता येईल असा एक नियम दिला आणि राहिलेलं दाखवून दिलं. दोन मिनिटांच्या आत. यात सगळ्यात मोलाचा प्रश्न "कशावरून?" हा आहे. उत्तर बरोबर असूनही कारण चुकीचं असू शकतं, आणि ते फक्त या प्रश्नानेच बाहेर येतं. मात्र आवाजात उलटतपासणीचा सूर नको. तो आला की शिकाऊ प्रश्न विचारणं बंद करतो.

पायरी ६: चूक सांगायला येणाऱ्याचं तुम्ही काय करता

एमी एडमंडसन १९९० च्या दशकात रुग्णालयातल्या गटांचा अभ्यास करत होत्या. चांगल्या गटांत औषधांच्या चुका कमी असतील, अशी अपेक्षा होती. आकडे उलटे आले: ज्या विभागांत परस्परसंबंध आणि नेतृत्व चांगलं, तिथे चुकांची नोंद जास्त होती. त्यांनी काढलेला अर्थ असा की तिथली माणसं चुका जास्त करत नव्हती, मोकळेपणाने सांगत होती. पुढे १९९९ मध्ये त्यांनी 'मानसिक सुरक्षितता', म्हणजे चूक किंवा शंका बोलून दाखवली तरी गटात अपमान होणार नाही हा विश्वास, ही कल्पना कामाच्या गटांसाठी सविस्तर मांडली.

पर्यवेक्षकासाठी याचा अर्थ सरळ आहे. तुमच्या शिकाऊकडून महिनाभर एकही अडचण, एकही चूक कानावर आली नाही, तर निर्धास्त होऊ नका, चौकशी करा. आणि कुणी चूक सांगायला आलं की तुमचं पहिलं वाक्य काय असतं, यावर पुढचं सगळं अवलंबून आहे. "हे असं कसं केलंत?" हे पहिलं वाक्य असेल तर पुढची चूक तुम्हाला तिसऱ्याकडून कळेल. आधी विचारा, "आत्ता कुणाला धोका आहे का?" मग नुकसान थांबवा. मग म्हणा, "लगेच सांगितलंत ते बरं झालं." कारणमीमांसा त्यानंतर, बसून, एकांतात. यात चूक खपवून घेणं कुठेही येत नाही. चुकीची जबाबदारी घ्यायला लावायचीच. पण सांगण्याची शिक्षा द्यायची नाही. लपवलेल्या चुकीचं मात्र वेगळं. ती गंभीरपणे घ्या, आणि हा फरक त्याला पहिल्याच भेटीत सांगून ठेवा.

पायरी ७: ठरलेली भेट आणि तिची नोंद

आठवड्यातून एकदा, जमत नसेल तर पंधरवड्यातून एकदा, ठरलेल्या वेळी भेटा. काम वाढलं की सगळ्यात आधी हीच भेट रद्द होते, आणि त्यातून शिकाऊला आपलं स्थान बरोबर कळतं. वेळ कमी असेल तर भेट वीस मिनिटांची करा, पण होऊ द्या. विषय त्याने आणायचे, तुम्ही एखादा घाला.

नोंद चार ओळींची पुरते: तारीख, काय बोललो, काय ठरलं, पुढच्या वेळी काय बघायचं. तिची प्रत त्यालाही द्या.

आधार देण्याच्या कामाला एक सीमा असते, ती इथेच कळते. कठीण प्रसंगानंतर शिकाऊ हादरलेला असेल तर ऐकून घ्या, काम हलकं करा. घरच्या अडचणींचा कामावर परिणाम होत असेल तर तो परिणाम बोला. पण त्याचे समुपदेशक होऊ नका. त्याचं मूल्यमापन करण्याचा अधिकार तुमच्या हातात असताना त्याने मन पूर्ण उघडं करणं त्याच्या हिताचं नाही. योग्य माणसाकडे जायची वाट दाखवा. तुम्हाला स्वतःलाही बोलायला कुणी अनुभवी माणूस हवा. ब्रिटनमधल्या समुपदेशकांच्या मोठ्या संघटनेत मान्यताप्राप्त सदस्यांना, कितीही वर्षं झाली तरी, महिन्याला किमान दीड तास स्वतः कुणाच्या तरी देखरेखीत बसावं लागतं.

पायरी ८: मूल्यमापन, आणि नापास करण्याचं धैर्य

एडवर्ड थॉर्नडाइक यांनी १९२० मध्ये दाखवलं की वरिष्ठ जेव्हा हाताखालच्यांना गुण देतात, तेव्हा एकूण चांगलं किंवा वाईट मत सगळ्याच गुणांवर पसरतं. नीटनेटका, वेळेवर येणारा माणूस आपल्याला हुशारही वाटू लागतो. यावर उपाय म्हणजे आठवणीवरून गुण न देणं. पायऱ्यांचा कागद आणि भेटींच्या नोंदी समोर ठेवा, आणि प्रत्येक गुणासाठी एक प्रत्यक्ष पाहिलेला प्रसंग सांगता येतो का ते बघा. सांगता येत नसेल तर तो रकाना भरण्याआधी जाऊन बघा.

शेवटच्या मूल्यमापनात शिकाऊला नवं असं काहीच ऐकायला मिळता कामा नये. प्रगती होत नसेल तर निम्मा काळ उरलेला असतानाच, लेखी, स्पष्ट शब्दांत सांगा. त्याआधी कारण शोधा, कारण उपाय त्यावर ठरतो. त्याला माहीतच नसेल तर शिकवा. माहीत आहे पण हात बसत नसेल तर सराव द्या. परिस्थिती आड येत असेल तर ती बदलायचा प्रयत्न करा. करायचीच इच्छा नसेल तर तसं थेट बोला. मग ठरवा: काय सुधारायचं, कोणत्या तारखेपर्यंत, मी कशी मदत करीन, सुधारलं हे कशावरून ठरेल.

एवढं करूनही जमलं नाही, तर पुढे ढकलू नका. स्कॉटलंडमध्ये कॅथलीन डफी यांनी परिचारिका-प्रशिक्षणाचा अभ्यास केला. २००३ मध्ये तो प्रसिद्ध झाला. शंका असूनही मार्गदर्शक विद्यार्थ्यांना पास करत होते, हे त्यात पुढे आलं. मुलगी चांगली आहे, पुढे सुधारेल, तिचं वर्ष जाईल, असं मनात येतं. माझ्याही येतं. पण तिच्या पुढच्या रुग्णाला आपल्यापैकी कुणीच भेटलेलं नसतं, त्याच्या बाजूने त्या खोलीत बोलणारं कुणी नसतं. त्याच्या वतीने बोलणं हा तुमच्या कामाचा भाग आहे. आणि शिकाऊच्या बाजूनेही बघा. न जमणाऱ्या कामात त्याला ढकलून दिलं, तर त्याचं पितळ अशा ठिकाणी उघडं पडेल, जिथे त्याला सावरायला कुणी नसेल.

पायरी ९: मागे सरा

तिसऱ्या पायरीवरून चौथीवर नेताना ते बोलून दाखवा: "आजपासून हे काम तुमचं. मी तपासणार नाही." मग खरंच तपासू नका. महिन्यातून एखादं काम सहज काढून बघायचं असेल तर तेही आधी सांगून ठेवा, म्हणजे त्याला अविश्वास वाटणार नाही. काम बदललं, यंत्र नवं आलं, किंवा तो मोठ्या सुट्टीवरून परतला, तर थोडे दिवस पुन्हा जवळ या, आणि का येताय ते सांगा.

पाचव्या पायरीवर त्याच्या हाताखाली कुणीतरी येईल. तेव्हा त्याने शिकाऊबरोबर केलेली पहिली भेट बघायला बसा. दोघांची संमती घ्या, मागे बसा, काही बोलू नका. तो गडबडला आणि शिकाऊ तुमच्याकडे बघू लागला, तर नजर त्याच्याकडेच वळवा. जे सांगायचं ते नंतर, शिकाऊ गेल्यावर, आणि एकच गोष्ट.